नागपुरात जुना ग्रँड पियानो घेताय? आधी ट्यूनर, मग खोली, मग पियानो

लहानपणी शाळेत नाहीतर चर्चच्या टीचरकडे चार-पाच वर्षं पियानो शिकले, दहावीला क्लास सुटला, मग कॉलेज, नोकरी, लग्न, होम लोन, आणि आता पंचेचाळिशीच्या आसपास बोटं पुन्हा शिवशिवून राहिली, अशा माणसांसाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांच्या डोक्यात "आता घ्यायचा तर ग्रँडच" (म्हणजे आडव्या तारांचा, तीन पायांचा मोठा पियानो) असं बसलंय त्यांच्यासाठी जास्त. मुंबई-पुण्याच्या लोकांनी वाचलं तरी चालेल, पण हिशोब सगळा नागपूरचा आहे, कारण इथली हवा वेगळी आणि पियानो दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर नाही.

लोक बहुतेक उलट्या क्रमाने जातात. आधी कुठंतरी जाहिरातीत एक काळा चकचकीत पियानो दिसतो, मग टोकन, मग ट्रक, मग "अरे हा हॉलमध्ये बसते का", आणि सहा महिन्यांनी बेसूर झाला की ट्यूनरची शोधाशोध. हा क्रम पूर्ण फिरवा.

पहिले ट्यूनर शोधा

पियानोला ८८ पट्ट्या असल्या तरी तारा साधारण २३० असतात, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकमेकीशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. सगळ्या तारांचा ताण मिळून १८-२० टनांच्या घरात जातो, म्हणून तर आत ओतीव लोखंडाची एवढी जाड प्लेट असते. हे काम पेटी दुरुस्त करणाऱ्याचं नाही. तो त्याच्या कामात उस्ताद असेल, पण पेटीतला पितळी सूर घासून चढवणं-उतरवणं वेगळं आणि ताणलेल्या तारेची पिन केसभर फिरवून तिथंच थांबवणं वेगळं. हौसेनं "मी पाहतो ना भाऊ" म्हणणाऱ्या कोणालाही पाना लावू देऊ नका, पिनचं भोक एकदा ढिलं झालं की खर्च तुमचा.

मग शोधायचा कुठं? मुंबईत फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे, कोलकात्यात ब्रागांझा आहेत, अशा ठिकाणी फोन करून सरळ विचारा की तुमच्या ओळखीचा टेक्निशियन नागपूर-रायपूर बाजूला येतो का. दुसरा रस्ता म्हणजे इथल्याच सदर-सिव्हिल लाइन्सच्या जुन्या शाळा, चर्च, मोठी हॉटेलं, जिथं जिथं पियानो उभा आहे तिथं जाऊन विचारायचं की तुमचा कोण करतो आणि शेवटचा कधी केला. "शेवटचा कधी" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बऱ्याच ठिकाणी पियानो फक्त उभाच असतो.

ट्यूनर बाहेरगावहून येणार म्हणजे त्याची फी, रेल्वेचं जाणं-येणं आणि एका रात्रीची राहण्याची सोय, तिन्ही धरा. तीन-चार पियानोवाले मिळून बोलावलं तर भाडं वाटून जाते. ट्यूनरशी आधी बोलायचा आणखी एक फायदा असा की तुम्ही जो पियानो बघून राहिले त्याचे फोटो-व्हिडिओ त्याला पाठवता येतात, आणि शक्य असेल तर पैसे देऊन त्यालाच बघायला न्या. लाखांच्या घरातली वस्तू घेताना ही फी वाचवण्यात अर्थ नाही. वर्षातून दोनदा येणारा माणूस मिळतच नसेल तर ग्रँडचा विचार तिथंच थांबवा, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

ग्रँडच पाहिजे का?

राग येईल पण विचारतो. ग्रँडची खरी मजा दोन गोष्टींत आहे. एक, त्याचे हॅमर खालून वर तारेवर आपटतात आणि स्वतःच्या वजनानं परत खाली येतात, त्यात फ्रान्सच्या एरारनं १८२१ मध्ये काढलेली डबल एस्केपमेंटची युक्ती, त्यामुळं पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. दुसरी म्हणजे लांब तारा. आता गंमत बघा, दीडशे सेंटिमीटरपेक्षा छोटा "बेबी ग्रँड" घेतला तर ही दुसरी मजा उरतच नाही, खालचे सूर डबा वाजवल्यासारखे येतात, आणि यामाहाचा यू थ्री सारखा १३१ सेंटिमीटर उंचीचा चांगला अपराइट, म्हणजे कपाटासारखा उभा पियानो, त्याच्यापेक्षा भरून वाजतो. पाहुण्यांवर छाप पाडायला छोटा ग्रँड ठीक आहे, वाजवायला नाही.

म्हणजे माझ्या मते १६० ते १८६ सेंटिमीटर लांबीच्या मधलं काहीतरी. यामाहाचे जी टू, जी थ्री, सी थ्री, कावाईचे केजी आणि आरएक्स सिरीजवाले, हे सत्तर-ऐंशीच्या दशकापासून पुढचे जपानी पियानो सेकंड हँड बाजारात जास्त दिसतात, पार्ट मिळतात आणि ट्यूनरला सवयीचे असतात. कोरियन यंग चँग, सॅमिकही चालतात, फक्त एकेक पीस बघून. शंभर वर्षं जुना इंग्लिश किंवा जर्मन ग्रँड, नक्षीचे पाय, पितळी मेणबत्तीदाण्या, दिसायला राजवाडा, पण तो घ्यायचा तर पहिला पियानो म्हणून नाही. आणि जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेल्या पियानोबद्दल एक वाद ऐकायला मिळेल, की त्याचं लाकूड तिकडच्या दमट हवेच्या हिशोबानं वाळवलेलं असते म्हणून कोरड्या ठिकाणी तडकते. कंपनीवाले हे जोरात सांगतात, बरेचसे टेक्निशियन म्हणतात की एवढं काही नसते. मी म्हणतो आपल्याकडं मे महिन्यात कुठलंही लाकूड सुखी नसते, त्यामुळं खोलीकडं बघा.

खोली, हवा आणि तो कूलर

नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. दोन-अडीच महिन्यांनी त्याच खोलीत जुलै-ऑगस्टला ८० च्या वर. पियानोला आवडते ४० ते ६० च्या मधली हवा, आणि त्याहून जास्त आवडते ती एकसारखी राहणं. आत साउंडबोर्ड नावाची स्प्रूस लाकडाची पातळ फळी असते, ती पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, वर उचलली जाते, तारांवर दाब वाढतो आणि सूर चढतात, मधले सप्तक जास्त. उन्हाळ्यात नेमकं उलटं, फळी आकसते, सूर उतरतात, सांधे सुटायला लागतात, आणि ट्यूनिंग पिना ज्या लाकडात घट्ट बसलेल्या असतात तो पिनब्लॉक सुकून पिना ढिल्या होतात.

आता यात आपला डेझर्ट कूलर घाला. एप्रिल लागला की खिडकीत कूलर, वाळ्याच्या ताट्या बदलून, पाणी भरून, दुपारभर हॉलमध्ये गारेगार ओला वारा. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र) लावून बघितलं तर कूलर चालू असताना आकडा साठ-सत्तरला जाऊन बसते आणि संध्याकाळी बंद केला, रात्री एसी लावला, की दाणकन खाली. रोज वर-खाली, रोज फुगणं-आकसणं, असं दोन महिने. एकसारख्या कोरड्या हवेपेक्षा हे जास्त वाईट. म्हणून नियम सोपा: कूलर आणि पियानो एका खोलीत नको. घरात दुसरी सोयच नसेल तर कूलरची हवा पियानोवर सरळ येणार नाही अशी दिशा ठेवा, आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण मे महिन्यात भर दुपारी "पियानोसाठी कूलर बंद" म्हणाल तर पियानोच बाहेर जाईल.

पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळपर्यंत तापलेली असते. खिडकीतून ऊन पडणारी जागा नको, एसीच्या थेट झोताखाली नको, बाथरूमच्या ओल आलेल्या भिंतीला लागून तर अजिबात नको. पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर किंवा छोटा डीह्युमिडिफायर, उन्हाळ्यात बंद खोलीत साधा ह्युमिडिफायर, आणि काही महिने आकडा वहीत लिहीत राहा. डँप-चेसर नावाची सिस्टिम पियानोच्या खालीच बसवतात, त्यात गरम दांडी, पाण्याची टाकी आणि आपोआप चालू-बंद करणारा सेन्सर असतो, आपल्या हवेत ती पैसा वसूल आहे पण बसवणारा आणि भाग देणारा आधी पक्का करा.

वजनाची भीती लोकांना उगाच असते. सी थ्रीचं वजन ३२० किलोच्या आसपास, म्हणजे चार-पाच जाडजूड काका हॉलमध्ये उभे राहिले तेवढं, चांगल्या बांधकामाच्या स्लॅबला हे जड नाही. त्रास टाइल्सला होतो कारण सगळा भार तीन छोट्या चाकांवर येतो, चाकांखाली रुंद कप ठेवा. महाल भागातलं जुनं माडीचं घर असेल, लाकडी तुळया असतील, तर मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वर चढवू नका.

आणि आत्ताच, पियानो बघायच्या आधीच, मेजरिंग टेप घेऊन गेटपासून हॉलपर्यंत सगळं मोजा. दार, पॅसेज, जिन्याचं वळण, लँडिंग. पाय काढून आडवा केला की ग्रँड साध्या दारातून जाते, पण बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बहुतेक जात नाही, मग जिना, आणि जिन्याच्या वळणावर सगळं ठरते.

कुठं मिळते

नागपुरात सदर, मेकोसाबाग, सिव्हिल लाइन्स, अजनीची रेल्वे वस्ती, कामठीची छावणी, अशा जुन्या ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन घरांमध्ये पियानो होते, काहींकडं अजून असतील. पण तिथं मिळेल तो बहुतेक अपराइट, आणि इंग्रजांच्या काळचा. त्यातले कित्येक "बर्डकेज" प्रकारचे, म्हणजे डँपर (सूर बंद करणाऱ्या फेल्टच्या गाद्या) हॅमरच्या वर तारांच्या पिंजऱ्यात, सूर नीट बंद होत नाही आणि ट्यूनर बघितल्याबरोबर तोंड वाकडं करते. आजीची आठवण म्हणून ठेवा, वाजवायला घेऊ नका. ग्रँड म्हटलं की मुंबई, पुणे, कोलकाता, गोवा, बंगळुरू. डीलरकडून घेतला तर महाग पण काहीतरी वॉरंटी, घरातून घेतला तर स्वस्त पण जसा आहे तसा.

लांबून घेताना पहिले व्हिडिओ मागवा आणि तो कसा पाहिजे ते सांगा: एकाच टेकमध्ये, गाणं-बिणं न वाजवता, सगळ्यात खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत एकेक पट्टी, आधी हळू मग जोरात. मग टॉर्च मारून तारा, पिना, हॅमर. मग पियानोच्या खाली जाऊन साउंडबोर्डची मागची बाजू. आणि प्लेटवरचा सिरियल नंबर, त्यावरून यामाहा, कावाई, स्टाइनवे यांचं बनवलेलं वर्ष निघते. जो माणूस सुंदरसं एक गाणं वाजवून पाठवते आणि एकेक पट्टीचा व्हिडिओ टाळते त्याला नमस्कार करा.

बघायला गेल्यावर

सोबत टॉर्च, दोन मीटर शिवणाचा दोरा, फोनमध्ये ट्यूनरचं ॲप. विकणारे काका बहुतेक प्रेमळ असतात, चहा येते, आणि संभाषण असं होते:

"काका, शेवटचं ट्यूनिंग कधी झालं?"

"अरे बेटा, याला गरजच पडत नाही. ओरिजिनल जपान आहे."

म्हणजे वर्षानुवर्षं झालेलं नाही, असं समजून कामाला लागा.

ॲप लावून मधला 'ए' वाजवा, तो ४४० हर्ट्झला पाहिजे. थोडा उतरलेला असेल तर ठीक, पण अर्धा सूर उतरला असेल तर वर आणताना जुन्या तारा तुटायची शक्यता धरा. मग एकेक पट्टी. एखाद्या सुराच्या तीन तारा आपसात खूपच भांडत असतील, म्हणजे शेजारचे सूर बरे आणि तो एकच भसाडा, तर ती पिन पकड सोडून राहिली असं समजा. एक-दोन असतील तर जाड पिन टाकून काम होते, पण सगळीकडं असंच असेल तर पिनब्लॉक गेला, आणि तो बदलणं म्हणजे तारा-प्लेट सगळं उचलणं, तेवढ्यात दुसरा पियानो येईल. पिनांच्या बुडाशी काळपट तेलकट डाग दिसले तर कोणीतरी पकड यावी म्हणून औषध सोडलंय, तिथून उठा.

मग खाली शिरा, शर्ट खराब होऊ द्या. साउंडबोर्डला बारीक चीर असली म्हणजे पियानो संपला असं नाही, चीर असूनही मस्त वाजणारे असतात. बघायचं ते हे की मागच्या आडव्या पट्ट्या फळीला चिकटून आहेत का, आणि जोरात वाजवल्यावर कुठं झिणझिण होते का. आता दोरा काढा. या मागच्या पट्ट्यांपैकी दोघींच्या मधून, त्यांना समांतर, दोरा फळीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणून धरा, एक टोक तुम्ही, एक टोक काकांचा नातू. मध्यभागी दोरा आणि फळी यांत थोडीशी फट दिसली पाहिजे, म्हणजे फळीला अजून वर उचललेला बाक आहे. दोरा मध्यावरही टेकला तर फळी बसलेली आहे, आवाज लवकर मरते, आणि हे दुरुस्त करणं आपल्या आवाक्यातलं नाही.

लोखंडी प्लेटला तडा असेल तर विषय बंद, कितीही स्वस्त असो. तारांवर हलकी मळकट झाक चालते, लाल गंज नाही, किनारपट्टीवरून आलेला पियानो असेल तर हे जास्त बारकाईनं बघा. ब्रिजवर, म्हणजे साउंडबोर्डवरच्या ज्या लाकडी पट्टीवरून तारा जातात तिच्यावर, जिथं छोट्या पिना तारांना वळवतात तिथं लाकूड चिरलंय का तेही टॉर्च मारून. हॅमरच्या नाकावर तारांच्या खाचा असणारच, फेल्ट जाड असेल तर घासून गोल करता येते, वरच्या सुरांवर फेल्ट लाकडापर्यंत आलं असेल तर नवे हॅमर, मोठा खर्च. पट्ट्या आजूबाजूला हलवून बघा, खडखड करतात का, दाबल्यावर परत पटकन येतात का. उजव्या पेडलनं सगळे डँपर एकसाथ उठले पाहिजेत आणि सोडल्यावर आवाज कापल्यासारखा बंद झाला पाहिजे, डाव्या पेडलनं अख्खा कीबोर्ड किंचित उजवीकडं सरकला पाहिजे.

किडे वेगळे बघा. फेल्टला कसर, लाकडाला वाळवी नाहीतर भुंगा, आणि आत उंदरानं बिऱ्हाड केलेलं, हे तिन्ही आपल्या देशात सर्रास. पट्ट्यांखाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला किंवा पायाच्या आत मातीची रेघ दिसली तर घरात आणू नका, तो तुमचे दरवाजेही खाईल. आणि बाहेरची पॉलिश बघून भाव ठरवू नका, पॉलिशवाला आपल्याकडं कोणत्याही गल्लीत मिळते.

जुना युरोपियन पियानो असेल आणि पांढऱ्या पट्टीवर पुढचा रुंद भाग आणि मागचा निमुळता भाग यांच्यात बारीक जोड दिसला तर ते हस्तिदंत असू शकते. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे, बाहेरून आलेल्या आफ्रिकन हस्तिदंतावरसुद्धा, "हे तर आजोबांच्या काळचं" म्हटल्यानं सुटका होईल असं धरून चालू नका. वन विभागाला विचारल्याशिवाय व्यवहार नको.

पटला तर सिरियल नंबर, स्थिती आणि रक्कम लिहून पावती घ्या. घरून घेत असले तरी घ्या.

घरी आणणं

मुंबईहून समृद्धी महामार्ग झाला तेव्हापासून रस्त्याचा प्रश्न राहिला नाही, ७०१ किलोमीटर सरळ. प्रश्न उचलणाऱ्यांचा आहे. फ्रिज-कपाट हलवणारे पॅकर्स "हो जाएगा साहब" म्हणतील, त्यांना विचारा की पियानोचा पाय कोणता आधी काढता. बरोबर उत्तर असं: झाकण काढायचं, पेडलचा सांगाडा काढायचा, मग खालच्या सुरांच्या कोपऱ्यातला पाय काढून त्या बाजूनं हळूच टेकवत अख्खा पियानो सरळ कडेवर जाड फळीवर उभा करायचा, मग उरलेले दोन पाय. ब्लँकेट, पट्टे, ट्रकमध्ये भिंतीला बांधून. हे ज्याला माहीत नाही त्याला हात लावू देऊ नका. ट्रान्झिट इन्शुरन्स घ्या. जून ते सप्टेंबर नको, आणि मे मध्ये तापलेल्या बंद ट्रकमध्ये पण नको, दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

आला की लगेच ट्यूनर बोलावू नका. दोन-तीन आठवडे खोलीच्या हवेत बसू द्या. बराच उतरलेला असेल तर पहिल्या फेरीत नुसता वर ओढतात आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत बारीक जुळवतात, म्हणजे पहिल्या वर्षी खर्च जास्त. पुढं वर्षातून दोनदा, एक दिवाळीनंतर हवा थांबली की, दुसरं होळीच्या आधी. जूनमध्ये करू नका, पंधरा दिवसांत पाऊस येते आणि पैसे पाण्यात.

दिवाळीच्या सफाईत ओलं फडकं आणि कॉलिन पियानोपासून लांब. वर फुलदाणी नाही, गणपती नाही, लग्नाचा फोटो नाही (फोटो झिणझिण करते, खरंच). मे मधल्या आंधीच्या दिवसांत झाकण बंद.

आता वाजवा

आधी उंची. बाकावर पुढच्या अर्ध्या भागात बसा, कोपर पांढऱ्या पट्ट्यांच्या पातळीला किंवा जरासं वर. डायनिंगची खुर्ची आणि दोन उशा हे चालणार नाही, वरखाली होणारा बाक घ्याच.

मग चष्मा. हे कोणी सांगत नाही. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असते आणि ग्रँडचा नोटेशन स्टँड त्याहून बराच लांब असते, प्रोग्रेसिव्ह असेल तर मान वर करून करून दुखते आणि माणूस समजते की आपल्याला नोटेशन वाचताच येत नाही. डोळ्यांपासून स्टँडपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडून त्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

बोटांचं असं आहे की जुने तुकडे हातात कुठंतरी बसलेले असतात, पहिल्या आठवड्यात चार ओळी आपोआप येतात आणि आपण खूश, मग पाचव्या ओळीवर सगळं बंद, कारण हात वाजवत होते, डोळे वाचत नव्हते. वाचन सगळ्यात हळू परत येते. म्हणून शेवटी जी ग्रेड पास केली होती तिथून तीन ग्रेड खाली उतरून सुरुवात करा, इगो बाजूला ठेवून. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांची जुनी ग्रेड एक-दोनची पुस्तकं यासाठी मस्त, तुकडे छोटे, बोटांचे आकडे छापलेले. रोज अर्धा तास, त्यातली पहिली दहा मिनिटं कधीच न पाहिलेलं काहीतरी हळू वाचायचं, चुकलं तरी थांबायचं नाही. नंतर एकच तुकडा, त्यातली चार मापं (बार), आधी उजवा हात, मग डावा, मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० ला ठेवून दोन्ही. रविवारी तीन तास आणि बाकी आठवडा सुट्टी, असं केलं तर फक्त मनगट दुखते. आणि दुखलं की थांबा, "सवय होईल" म्हणून रेटू नका, या वयात टेंडन लवकर बरे होत नाहीत.

मधल्या काळात पेटी वाजवली असेल, आपल्याकडं बऱ्याच जणांनी भजनाला वाजवलेली असते, तर दोन सवयी सोडाव्या लागतात. पेटीत पट्टी धरून ठेवली की भाता चालेपर्यंत सूर राहते, म्हणून बोट दाबूनच बसते. पियानोत हॅमर तारेला लागायच्या जरासा आधीच पट्टीपासून सुटलेला असतो, त्यानंतर तुम्ही कितीही दाबा, आवाजात काही फरक पडत नाही, फक्त हात थकते. पट्टी एक सेंटिमीटर खाली जाते, त्या एका सेंटिमीटरच्या वेगातच सगळा आवाज, तिथं हाताचं वजन सोडायचं आणि लगेच सैल व्हायचं. दुसरी सवय डाव्या हाताची. तो इतकी वर्षं भाता हलवत होता, त्याला पाच वेगळी बोटं आहेत हे त्याला नव्यानं सांगावं लागते. रोज डावा आधी.

उजवं पेडल पहिल्या महिन्यात लावूच नका, ते सगळ्या चुकांवर चादर टाकते. नंतर लावाल तेव्हा नवीन कॉर्ड वाजल्यावर पाय उचलून परत दाबायचा, कॉर्डच्या सोबत नाही, नाहीतर मागचं आणि पुढचं एकमेकांत कालवून जाते. नखं कापलेली. यमन, भूप वाजवायची हौस येणारच, वाजवा, फक्त मींड इथं निघत नाही, त्यामुळं गाणं आहे तसं उतरवण्यापेक्षा डाव्या हातात काय भरायचं ते शोधण्यात मजा आहे.

टीचर घ्या, महिन्यातून दोनदा का होईना. ऑनलाइन असेल तर फोन बाजूला, हात दिसतील असा लावा, चेहरा दाखवायची गरज नाही.

शेजाऱ्यांचं आधीच बघा. फ्लॅटमध्ये ग्रँडचा आवाज भिंतीतून कमी आणि जमिनीतून जास्त जाते, जाड गालिचा आणि चाकांखालचे कप यांनी खालच्या मजल्याला आराम पडतो. मोठं झाकण बंद ठेवून वाजवा. आल्याच्या आठवड्यात खालच्या-बाजूच्या घरांना चहाला बोलवून वेळ ठरवून घ्या, दुपारी दोन ते चार बहुतेक लोक झोपलेले असतात, ती सोडा. रात्री नऊनंतरच वेळ मिळत असेल तर वजनदार पट्ट्यांचा एक साधा डिजिटल पियानो आणि हेडफोन बाजूच्या खोलीत ठेवा, नोटेशन वाचायचा आणि डाव्या हाताचा सराव त्याच्यावर करायचा, आणि ग्रँड शनिवार-रविवार सकाळी.